‘डूम २’ची आठवी लेव्हल आणि वेळ नसलेला खेळाडू

कोड्यांची लेव्हल म्हटली की अख्खा रविवार मोकळा हवा, मध्येच उठलं की सगळं पाण्यात, असं नोकरी-घर सांभाळून गेम खेळणारे हमखास म्हणतात. इड सॉफ्टवेअरने १९९४ साली आणलेल्या ‘डूम २’ची आठवी लेव्हल याच्या नेमकी उलट आहे. नाव ‘ट्रिक्स अँड ट्रॅप्स’, रचणारे सँडी पीटरसन. मधोमध एक खोली, तिला चहूबाजूंनी दारं आणि बहुतेक दारांमागे एकेक वेगळा सापळा. एक दार उघडा, आतलं निस्तरा, सेव्ह करून झोपायला जा. पीसीवर लेव्हलमध्ये कुठेही सेव्ह करता येतं आणि पाहून झालेला नकाशाही तसाच राहतो. कळ इथे दाबायची आणि दार तिकडे लांब कुठेतरी उघडायचं, अशा लेव्हल मात्र वेळ नसलेल्याला छळतात. आठवड्याने परतलं की नेमकी कुठली कळ दाबली होती तेच आठवत नाही. म्हणजे अडचण वेळेची कमी, खंडाची जास्त.

लेव्हल संपल्यावर पडद्यावर ‘पार’ वेळ दिसते. या लेव्हलची दोन मिनिटं. ती पाहून अनेकांना वाटतं, आपण चाळीस मिनिटं घेतली म्हणजे हरलोच! तो आकडा फक्त तुलनेसाठी असतो. तो ओलांडला म्हणून दंड नाही, पुढची लेव्हलही अडत नाही.

“शूटर आहे, नेम चांगला असला की झालं” हा समज इथे सगळ्यात महागात पडतो. एका दारामागे सायबरडीमन नावाचा राक्षस उभा असतो, त्याची ताकद ४,०००. साध्या शॉटगनचा प्रत्येक छर्रा लागला तरी पन्नासहून जास्त बार लागतात आणि बॅकपॅक नसेल तर काडतुसं जास्तीत जास्त ५० बाळगता येतात. त्याच खोलीत ‘बॅरन ऑफ हेल’ हे राक्षसही असतात, प्रत्येकी ताकद १,०००. खरी युक्ती त्यांच्यात भांडण लावण्याची. सायबरडीमनचं रॉकेट चुकून बॅरनला लागलं की तो तुम्हाला सोडून त्याच्यावर उलटतो. मग आपण फक्त पळत राहायचं, वाटेत यायचं नाही. नेमबाजापेक्षा कळलाव्या नारदाचं काम!

सेव्ह करणं म्हणजे रडीचा डाव, असंही कुणी म्हणतं. असं म्हणणाऱ्याने एकदा सेव्ह न करता मरून पाहावं. लेव्हल पहिल्यापासून सुरू होते आणि हातात उरतं एक पिस्तूल नि ५० गोळ्या.

राहिला सोप्या पातळीचा प्रश्न. सगळ्यात सोप्या पातळीवर मार निम्मा बसतो, दारूगोळा दुप्पट मिळतो. दिवसभर दमून बसणाऱ्याने ती खुशाल निवडावी, मीही निवडतो. कुठल्या दारामागे काय आहे, ते मात्र तीही सांगत नाही.