अंगणवाडीचा घास पूरक आहे, पुरेसा नाही

"पोरगं जेवतच नाही, काय करावं?" ही तक्रार घरोघरी ऐकू येते. आणि बहुतेक वेळा त्याच पोराच्या हातात पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा असतो. मायबहिणींनो, पोर जेवत नाही हे खरे. पण त्याची भूक कोणी मारली, तेही बघायला हवे.

तुमच्या गावात अंगणवाडी असेलच. हे नाव आपल्याच मातीतले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी येथे (आता हे गाव पालघर जिल्ह्यात आहे) ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, असा त्यांचा विचार होता. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. शिकवण्याबरोबर आहार, लसीकरण व आरोग्य तपासणी ही कामेही तिच्याकडे आली.

हिशेब समजून घ्या

अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम ताजे जेवण मिळते. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांसाठी घरपोच आहार दिला जातो. या आहारातून मुलाला दिवसाला सुमारे ५०० उष्मांक मिळावेत, असे प्रमाण ठरले आहे. पण चार-पाच वर्षांच्या मुलाची रोजची गरज सुमारे १,३०० उष्मांकांची असते. म्हणजे उरलेले ८०० घरच्या चुलीवरूनच यायला हवेत.

येथेच चूक होते. "अंगणवाडीत खाऊन आलाय, आता काय लगेच?" असे म्हणून दुपारचे जेवण टाळले जाते. या आहाराला सरकारनेच 'पूरक' म्हटले आहे. जेवणाच्या जागी नव्हे, जेवणात भर म्हणून तो आहे. तीच गोष्ट घरपोच आहाराच्या पाकिटांची. ती बाळाच्या नावाने येतात. पण घरातले सगळे चाखतात, कधी उरलेले जनावरांच्या घमेल्यातही जाते. पाकीट बाळाचे आहे, ते बाळाच्याच पोटात जाऊ द्या.

ताईंची युक्ती घरी आणा

घरी भाजीला नाक मुरडणारे पोर अंगणवाडीत तीच भाजी मुकाट्याने खाते. यात जादू काही नाही. मुले गोल करून बसतात, शेजारचा खातो म्हणून हाही खातो. ताटात थोडेच वाढतात, लागले तर पुन्हा देतात. हात धुणे, ओळीने बसणे, आपल्या हाताने खाणे याची सवय लागते.

घरीही हेच करता येते. मुलाला वेगळे बसवून भरवू नका, आपल्या पंक्तीला घ्या. त्याची ताटली वेगळी ठेवा, म्हणजे किती खाल्ले ते कळते. नवी भाजी पहिल्या दिवशी थुंकली तर "याला आवडत नाही" असे ठरवून मोकळे होऊ नका. आठ-दहा वेळा थोडी थोडी पुढे आली की जिभेला ओळख होते. मारून, नाक दाबून भरवू नका. त्याने अन्नाचीच धास्ती बसते. "भाजी खा, मग चॉकलेट देते" असेही नको. त्यातून चॉकलेट मोठे आणि भाजी वाईट, एवढेच मूल शिकते.

लहान मुलाचे पोट वाटीएवढे. मोठ्यांसारखे दोनदा जेवून त्याचे भागत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे लागते.

शेतातले शेतात, घरातले घरात

पौष्टिक म्हणजे महाग, हा समज काढून टाका. भाकरी वरणात कुस्करून वर चमचाभर तेल किंवा तूप घाला. धान्य आणि डाळ एकत्र आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. तेल-तुपाने थोड्या घासात जास्त ताकद जाते. नाचणीत चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर. बांधावरच्या शेवग्याचा पाला, तांदुळजा, चाकवत वरणात शिजवा आणि वर लिंबू पिळा. आंबटामुळे पालेभाजीतले लोह अंगी लागते. उलट जेवणाबरोबर चहा दिला तर ते वाया जाते. लहान मुलाला चहा नकोच. गूळ-शेंगदाण्याचा लाडू उत्तम. पण अख्खा शेंगदाणा घशात अडकू शकतो, म्हणून लहानांना कूट करूनच द्या.

आता एक कटू गोष्ट. घरचे दूध सगळे डेअरीला जाते, कोंबडीची अंडी बाजारात जातात आणि त्याच पैशातून पोराला बिस्किटाचा पुडा येतो. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. विकण्याआधी पोराच्या वाट्याचे कपभर दूध आणि एक अंडे बाजूला काढा. आणि हे वाढताना मुलगा-मुलगी भेद करू नका.

वजनाचा दिवस चुकवू नका

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. खुजेपणा हळूहळू येतो, म्हणून आईच्या नजरेला तो दिसत नाही. उंची-वजनाच्या मापात दिसतो. दर महिन्याला वजन करून घ्या आणि ताईंना विचारा, "मागच्या महिन्यापेक्षा वाढले का?" सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सें.मी.पेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण असते. "आमच्या घराण्यात सगळेच बारीक" म्हणून बसू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा.

घरच्या कर्त्या पुरुषांनो, हे काम एकट्या बाईचे नाही. पेरणी-काढणीच्या दिवसांत ती पहाटे रानात जाते आणि पोर दुपारपर्यंत अर्धपोटी राहते. त्या दिवसांत आजी-आजोबांपैकी कोणी, नाहीतर तुम्ही, मुलाच्या वेळा सांभाळा. बाजारातून येताना पुड्याऐवजी केळी आणा. आठवड्यातून एकदा अंगणवाडीत डोकावा, आहार वेळेवर आणि नीट शिजतो का ते पाहा. कमी असेल तर ग्रामसभेत बोला.

रोपाला पहिल्या महिन्यात पाणी चुकले तर पुढे कितीही खत घाला, ते जोम धरत नाही, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. मुलाची पहिली सहा वर्षे तशीच आहेत. आज संध्याकाळपासूनच त्याची ताटली तुमच्या शेजारी मांडा.