माळ आपला, मग गवताची हेळसांड का?

दुष्काळ आला म्हणजे आम्हांस चाऱ्याची आठवण होते, आणि पहिला पाऊस पडताच ती वाहून जाते. २०१२-१३ साली छावण्या उघडल्या, २०१८-१९ साली पुन्हा उघडल्या. छावणीने त्या वर्षी जनावर जगते हे खरे. परंतु हा तहान लागल्यावर विहीर खणण्याचा प्रकार होय.

हिशेब सोपा आहे. चारशे किलो वजनाच्या गाईस दिवसाला सुमारे १० किलो सुका चारा लागतो. म्हणजे वर्षास साडेतीन टनांहून अधिक. २०१९ च्या गणनेत देशातील पशुधन ५३ कोटींवर भरले. इकडे शाळूच्या रानात ऊस व सोयाबीन आल्याने कडबा आटत चालला. उसाच्या वाढ्यांवरच जनावर पोसावे, तर त्यांतील ऑक्झलेट अंगातील चुना ओढून घेते व जनावर खंगते.

मग चारा यावयाचा कोठून? आमचे म्हणणे असे की, तो खाजगी मालकीच्या पडीक माळावरच उभा राहू शकतो. आज त्या माळाची दशा काय आहे? पहिल्या सरीने कोंब फुटतो न फुटतो तोच गुरे त्यावर सोडली जातात. पानांनी मुळांस अन्न पुरवावयाचे असते. पानच राहिले नाही तर मूळ दुबळे होते. पवना, मारवेल ही सकस गवते मरतात आणि कुसळी माजते. पिकलेल्या कुसळीची कुसळे मेंढरांच्या लोकरीत अडकतात व कातड्यात शिरतात. उन्हाळ्यात माळ पेटविला की उरलासुरला आसराही गेला.

उपाय खर्चाचा नाही, शिस्तीचा आहे. माळाचे चार भाग करावे. दरवर्षी पाळीपाळीने एक भाग पावसाळाभर बंद ठेवावा. बाकीचे तीन आळीपाळीने चारावे. बंद भागातील गवत फुलोऱ्यात येताच, जमिनीपासून चार बोटे राखून, कापावे व वाळवून गंजी रचावी; बी पिकेपर्यंत थांबल्यास त्याचा कस जातो. विरळ जागी मारवेल व स्टायलो पेरावा, बांधावर शेवरी लावावी. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने चराईबंदी पाळून गवत विळ्याने कापून नेण्याची रीत घातली. एका गावास साधले ते इतरांस का साधू नये?

कोणी म्हणेल, बंदी म्हणजे गरीब धनगराच्या पोटावर पाय. सरसकट बंदी केल्यास हा आक्षेप खराच ठरेल. म्हणून धनगरास पाळीचा वाटेकरी करावे, हाकलून देऊ नये. पीक निघाल्यावर शेतात मेंढरे बसवून खत घेण्याची आणि त्याबद्दल धनगरास धान्य वा पैसा देण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. माळावरही असाच करार का होऊ नये?

शेवटी आमच्या व्यापारी वाचकांस दोन शब्द. आपणांपैकी पुष्कळांनी शहराबाहेर जमिनी घेऊन भाव चढेपर्यंत त्या पडून ठेवल्या आहेत. तिजोरीतील रुपया निजून राहिलेला ज्यांस खपत नाही, त्यांस माळ निजलेला कसा खपतो? यंदा एक भाग तरी राखावा. दुष्काळात दावणीचे जनावर मातीमोलाने विकणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसान अखेर बाजारपेठेच्या गल्ल्यापर्यंत पोहोचते, हे आपणांस आम्ही सांगावे असे नाही.