टोमॅटो मरतो तो मातीमुळे नव्हे

पावसाळ्यात टोमॅटो महागले की सावंतवाडीत दरवर्षी एकच संवाद कानावर येतो. कोणीतरी परड्यात चार रोपं लावायचं म्हणतं आणि शेजारी लगेच निकाल देतो, "ह्यां घाटावरचां पीक. आमच्या मातयेत होवचां नाय." ऐकणारा मान डोलावतो आणि आंबोली घाट उतरून आलेले टोमॅटो मिळेल त्या भावात घेतो. २०२३च्या जुलैत देशात किलोचा भाव शंभराच्या वर आणि काही शहरांत दोनशेपर्यंत गेला, तेव्हाही हेच. या समजुतीचा वैताग येतो तो अशासाठी की तिच्यात अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यावरच सगळे थांबतात.

इथे टोमॅटो मरतो, हे खरं. चांगलं वाढलेलं, फुलावर आलेलं रोप दुपारी मान टाकतं, संध्याकाळी जरा सावरतं आणि चार-आठ दिवसांत हिरवंच्या हिरवं वाळून जातं. घरातले म्हणतात, पाणी कमी पडलं. मग आणखी पाणी ओततात. कोणी दृष्ट काढतं. हा असतो जिवाणूजन्य मर रोग. त्याचा जिवाणू, राल्स्टोनिया सोलानासिअरम, १८९६ साली अमेरिकेतल्या अर्विन स्मिथ यांनी शोधून वर्णिला. तो मुळांच्या जखमांतून आत शिरतो आणि खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवतो. त्यामुळे बुडाशी ओल असूनही रोप तहानेनं मरतं. उबदार, ओली, आम्ल जमीन त्याला मानवते. आपली जांभ्याची जमीन नेमकी तशी.

विश्वास बसत नसेल तर घरीच बघा. मेलेल्या रोपाचं खोड बुडाजवळ बोटभर कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभं धरा. हलवू नका. मर रोग असेल तर काही मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधासारखे पांढरे धागे सरळ खाली सुटताना दिसतात. ते धागे म्हणजे जिवाणूच. धागे नाहीत आणि मुळं काळी, कुजकी असतील, तर बहुधा पाणी जास्त झालंय.

मग माती बदलायची का? केरळकडे पाहा. तिथेही मोठा भाग जांभ्याचाच, पाऊसही आपल्यासारखाच धो धो. तिथल्या कृषी विद्यापीठानं या रोगाला तोंड देणारे शक्ती, मुक्ती, अनघा हे वाण काढले. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का आभा आणि अर्का रक्षक याच कामाचे. तैवानची जागतिक भाजीपाला संस्था तर टोमॅटोचं कलम वांग्याच्या खुंटावर बांधायला सांगते. इतकं सगळं हाताशी असताना "होवचां नाय" म्हणणं मला पटत नाही.

दुसरी चूक हंगामाची. भाव चढतो जुलैत, म्हणून लोक रोपं लावतात जुलैत. पावसात मुळं कुजतात, पानांवर करपा येतो. आपल्याकडे बी टाकावं सप्टेंबरअखेर, रोपं लावावीत पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरअखेरीस. जानेवारीच्या सुमारास तोडणी सुरू होते. फेब्रुवारीत रोपं लावाल तर ती फुलावर येईपर्यंत उकाडा वाढतो, रात्री थंड राहत नाहीत आणि फुलं गळतात.

जागाही महत्त्वाची. वांगी, मिरची, टोमॅटो एकाच कुळातले. या तिघांनाही हाच रोग होतो. म्हणून गेल्या वर्षी वांगी मेली त्या वाफ्यात टोमॅटो नको. जमिनीची खात्री नसेल तर मोठी कुंडी किंवा रंगाची रिकामी बादली घ्या, बुडाला भोकं पाडा, धुतलेला काथ्याचा भुसा आणि चांगलं कुजलेलं शेणखत भरा. मर लागलेल्या जागेची माती मात्र त्यात मूठभरही घालू नका, आणि त्या वाफ्यात वापरलेलं खुरपं धुतल्याशिवाय इकडे आणू नका.

बाकीचे समज थोडक्यात. फळाचं बूड काळं पडलं की अंड्याची टरफलं पुरतात. पण ती कुजून चुना सुटायला फार वेळ लागतो, आणि दोष बहुतेकदा एक दिवस पूर, दोन दिवस कोरड अशा पाणी देण्यात असतो. फळ लाल व्हायला त्यावर ऊन पडावं लागतं म्हणून पानं ओरबाडतात. पिकायला ऊब पुरते, उघडं पडलेलं फळ उलट उन्हानं भाजतं. मधमाश्या नाहीत म्हणून फळ धरत नाही, हेही खरं नव्हे: टोमॅटोच्या फुलात परागीभवन आपल्याआपण होतं, वारा नसेल तर सकाळी फांदीला टिचकी मारा. आणि बाजारातल्या टोमॅटोचं बी पेरून फुकटात काम होईल, असं समजू नका. ते फळ बहुधा संकरित असतं. त्याच्या बियांतून काय उगवेल आणि ते मर सोसेल का, याचा भरवसा नाही. बी राखायचंच असेल तर शक्ती किंवा अर्का आभासारखा सरळ वाण आणा आणि धडधाकट राहिलेल्या झाडाचंच फळ बियाण्याला ठेवा.