बॉडीस्नॅचर्स, द

स्का या जमेकन संगीतप्रकाराचे इंग्लंडमध्ये पुनरुज्जीवन करणाऱ्या वाद्यवृंदांपैकी एक अल्पजीवी वाद्यवृंद. सातही सदस्य स्त्रिया असलेल्या या वृंदाची स्थापना लंडन येथे १९७९ मध्ये झाली व १९८० च्या अखेरीपूर्वीच तो विसर्जित झाला. सु. एका वर्षाच्या कारकीर्दीत त्याच्या दोनच लघुध्वनिमुद्रिका निघाल्या. दीर्घ ध्वनिमुद्रिका एकही निघाली नाही. त्याची सर्वांत महत्त्वाची रचना तर त्याच्या विसर्जनानंतर, दुसऱ्या वृंदाच्या साथीने प्रसिद्ध झाली. असे असूनही १९७०–८० या दशकाच्या अखेरच्या ब्रिटिश लोकप्रिय संगीतात स्त्रियांच्या अनुभवाला स्वतंत्र वाणी देणारा वृंद म्हणून त्याला स्थान आहे.

पार्श्वभूमी : स्का हा प्रकार १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जमेकामध्ये उदयास आला. स्थानिक मेंटो संगीत आणि अमेरिकेतील ऱ्हिदम अँड ब्लूज व जाझ यांच्या संयोगातून तो घडला. चार मात्रांच्या आवर्तनात गिटार किंवा पियानो यांचा आघात मुख्य मात्रांवर न पडता दोन मात्रांच्या मधोमध पडतो, हे त्याचे प्रमुख लक्षण होय. त्यामुळे ठेक्याला एक प्रकारची उसळी प्राप्त होते. सॅक्सोफोन, ट्रंपेट यांसारखी सुषिर वाद्ये धून खुलवितात. सु. १९६६ पासून लय मंदावून व मंद्र स्वरांच्या गिटारला प्राधान्य मिळून ‘रॉक स्टेडी’ हा प्रकार आणि त्यातून पुढे ‘रेगे’ विकसित झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीजमधून ब्रिटनमध्ये स्थलांतरित झालेल्या लोकांबरोबर हे संगीतही तेथे पोहोचले. मिली स्मॉल या जमेकन गायिकेचे ‘माय बॉय लॉलिपॉप’ हे गीत १९६४ मध्ये ब्रिटनमधील खपाच्या क्रमवारीत दुसऱ्या स्थानापर्यंत गेले होते. १९७० नंतर बेकारी वाढू लागली आणि नॅशनल फ्रंटसारख्या पक्षांनी स्थलांतरितांविरुद्ध प्रचार चालविला. त्याला उत्तर म्हणून १९७६ मध्ये ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ सुरू झाली. याच वातावरणात जेरी डॅमर्स या संगीतकाराने कॉव्हेंट्री येथे १९७९ मध्ये ‘टू टोन’ ही ध्वनिमुद्रिका-संस्था स्थापन केली. तिच्या मुद्रिका क्रिसालिस या मोठ्या कंपनीमार्फत वितरित होत. कृष्णवर्णीय व गौरवर्णीय तरुणांनी एकत्र येऊन वाजविलेले, पंक संगीताचा आवेग असलेले स्का हे या संस्थेचे वैशिष्ट्य होते. डॅमर्स यांचा स्वतःचा ‘द स्पेशल्स’, तसेच ‘द सिलेक्टर’, ‘मॅडनेस’ व ‘द बीट’ हे वृंद तिच्यामुळे प्रसिद्धीस आले. पॉलिन ब्लॅक ही सिलेक्टरची गायिका वगळता या वृंदांतील कलावंत पुरुष होते. बॉडीस्नॅचर्सचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते.

स्थापना व सदस्य : निकी समर्स या तरुणीने केवळ स्त्रियांचा स्का वृंद उभारण्याच्या उद्देशाने सहकारी जमविले. तिच्याकडे बास गिटार होती. रोडा डाकार (गायन), सारा जेन ओवेन व स्टेला बार्कर (गिटार), पेनी लेटन (कळफलक वाद्ये), मिरांडा जॉइस (सॅक्सोफोन) आणि जेन समर्स (तालवाद्ये) या अन्य मूळ सदस्य होत. जेन समर्सच्या जागी पुढे जूडी पार्सन्स आली. यांपैकी बहुतेकींना वाद्यवादनाचा अनुभव बेताचाच होता व वृंद चालवीत असतानाच त्या वादन शिकत होत्या. पंक चळवळीने नैपुण्यापेक्षा सांगण्यासारखे काही असण्याला महत्त्व दिले होते. या वृंदाचा उदय त्यामुळेच शक्य झाला.

पहिला जाहीर कार्यक्रम नोव्हेंबर १९७९ मध्ये लंडनमधील एका पबमध्ये झाला. टू टोनचा त्या वेळी एवढा बोलबाला होता, की थोड्याच अवधीत वृंद या संस्थेशी करारबद्ध झाला आणि १९८० च्या आरंभी सिलेक्टरबरोबर देशभर दौऱ्यावर निघाला. एरवी नव्या वृंदाला लहान सभागृहांत आपले वादन घडविण्यासाठी जो अवधी मिळतो, तो या वृंदाला लाभला नाही. त्याचे शिक्षण मोठ्या श्रोतृसमुदायासमोर झाले.

ध्वनिमुद्रिका : मार्च १९८० मध्ये ‘लेट्स डू रॉक स्टेडी’ ही पहिली मुद्रिका निघाली. मूळ गीत डँडी लिव्हिंगस्टन या जमेकन गायकाचे होते. स्पेशल्सनेही याच गायकाचे एक गीत १९७९ मध्ये लोकप्रिय केले होते. मुद्रिकेच्या दुसऱ्या बाजूस ‘रूडर दॅन यू’ हे गीत होते. जमेकातील शहरी, बेदरकार तरुणांना ‘रूड बॉय’ म्हणत. त्या पुरुषी प्रतिमेवर स्त्रियांनी सांगितलेला हक्क या शीर्षकातच व्यक्त होतो. ही मुद्रिका ब्रिटिश क्रमवारीत २२ व्या स्थानापर्यंत पोहोचली.

‘ईझी लाइफ’ ही दुसरी मुद्रिका त्याच वर्षी निघाली. तिला ५० व्या स्थानापलीकडे जाता आले नाही. आशयदृष्ट्या मात्र ती अधिक मोलाची आहे. ब्रिटनमध्ये समान वेतनाचा १९७० चा कायदा १९७५ च्या अखेरीस अंमलात आला व त्याच वर्षी लिंगाधारित भेदभावास बंदी करणारा कायदाही झाला. कायद्याने दिलेली समता प्रत्यक्षात कितपत उतरली, आणि परावलंबी संसाराची सोपी वाट सोडून स्त्रीने स्वतंत्र आयुष्य घडवावे की नाही, हा या गीताचा विषय आहे. त्यातील प्रश्न गंभीर असला, तरी ठेका नृत्यानुकूलच राहतो.

विसर्जन : वृंदाची पुढील दिशा कोणती असावी, याविषयी सदस्यांत मतभेद झाले. सामाजिक आशयाकडे काहींचा कल होता, तर इतरांना अधिक व्यापक लोकप्रिय शैलीकडे वळावयाचे होते. ऑक्टोबर १९८० च्या अखेरीस लंडन येथे अखेरचा कार्यक्रम झाला. ओवेन, बार्कर, लेटन, जॉइस व पार्सन्स या पाचजणींनी नव्या गायिकेसह ‘द बेल स्टार्स’ हा वृंद स्थापन केला. त्याचे ‘साइन ऑफ द टाइम्स’ हे गीत १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये तिसऱ्या स्थानी पोहोचले. ‘आयको आयको’ हे त्याने गायिलेले जुने गीत रेन मॅन (१९८८) या अमेरिकन चित्रपटातील समावेशामुळे अमेरिकेतही गाजले. म्हणजेच, व्यावसायिक यशाची क्षमता या सदस्यांत होती. ते स्काचा मार्ग सोडल्यावर मिळाले.

‘द बॉयलर’ : ही बॉडीस्नॅचर्सच्या आरंभीच्या रचनांपैकी एक. ब्रिटिश बोलीत ‘बॉयलर’ हा शब्द अनाकर्षक स्त्रीसाठी तुच्छतेने वापरला जातो. एका पुरुषाने आपलेपणा दाखवून जवळ केलेली आणि नंतर त्याच्याच बलात्काराला बळी पडलेली तरुणी आपली हकीकत साध्या बोलण्याच्या स्वरात सांगते व अखेर गीत किंकाळ्यांत संपते. स्वतःला कमी लेखण्याची सवय तिला या प्रसंगापर्यंत कशी आणते, हे श्रोत्याला तिच्याच शब्दांतून कळते. वृंद हयात असताना या गीताची मुद्रिका निघाली नाही. डाकारने ते ‘द स्पेशल ए.के.ए.’ या डॅमर्स यांच्या नव्या वृंदाबरोबर ध्वनिमुद्रित केले व जानेवारी १९८२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. नभोवाणीने ते ऐकविण्याचे बहुतांशी टाळले. तरीही ते ३५ व्या स्थानापर्यंत गेले. पुन्हा पुन्हा आवडीने ऐकावे, असे हे गीत नव्हे. नृत्यसंगीताच्या चौकटीत श्रोत्याला अस्वस्थ करणे हाच त्याचा हेतू होता.

महत्त्व : डाकारने पुढे स्पेशल ए.के.ए.च्या वर्णभेदविरोधी ‘नेल्सन मंडेला’ (१९८४) या गाजलेल्या गीतातही गायन केले. टू टोनच्या वृंदांचे प्रत्यक्ष कार्यक्रम टिपणाऱ्या डान्स क्रेझ (१९८१) या चित्रपटात बॉडीस्नॅचर्सचे वादन जतन झाले आहे. वृंदाची अप्रकाशित राहिलेली गीते डाकारने २०१५ मध्ये एका दीर्घ ध्वनिमुद्रिकेद्वारे नव्याने सादर केली. त्यामुळे एरवी दोन मुद्रिकांपुरती उरली असती अशी कामगिरी साडेतीन दशकांनी बऱ्याच अंशी श्रोत्यांपुढे आली. टू टोनच्या वृंदांनी वंशभेदाविरुद्ध आवाज उठविला. स्त्रीपुरुष विषमतेचा प्रश्न त्याच ठेक्यावर आणण्याचे कार्य बॉडीस्नॅचर्सने केले.