पोटाचे धान वेगळे, बँकेचे धान वेगळे
थायलंडच्या ईसान भागातील शेतकऱ्याचे वर्ष

पहाटेचे सहा वाजायला आलेले असतात. गावात उंच खांबावर बांधलेला भोंगा खरखरतो आणि गावप्रमुखाचा आवाज सुरू होतो. आज बँकेचे साहेब येणार आहेत, कर्जदारांनी पासबुक घेऊन यावे. कुत्र्यांना लस टोचायची आहे, बांधून ठेवावीत. ज्याला ऐकायचे नाही त्यालाही ऐकावे लागते. तोवर बाया वाफवलेला भात उतरवून रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून बसलेल्या असतात. भगव्या चिवरातले भिक्षू एका रांगेत अनवाणी येतात आणि प्रत्येकाच्या पात्रात चिमूटभर चिकट भात पडतो. मग गाव कामाला लागते.

हे गाव थायलंडच्या ईशान्य भागातले. त्या भागाचे नावच 'ईसान'. आपल्या 'ईशान्य' शब्दाचा हा सख्खा भाऊ, दोघेही संस्कृत 'ईशान'वरून आलेले. थायलंड म्हटले की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यापुढे बँकॉक आणि समुद्रकिनारे येतात. पण देशाची सुमारे एक तृतीयांश जमीन आणि जवळपास तेवढीच माणसे या कोरडवाहू पठारावर आहेत. त्यांचे वर्ष आपल्या धान उत्पादकाच्या ओळखीचे वाटेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

एका शेतात दोन धाने

ईसानचा शेतकरी दोन प्रकारचे धान लावतो. एक चिकट धान. त्याचा तांदूळ रात्रभर भिजवायचा, सकाळी बांबूच्या टोपलीत वाफवायचा आणि विणलेल्या डब्यात भरून शेतावर न्यायचा. हाताने छोटा गोळा करून मिरचीच्या चटणीत, आंबवलेल्या मासळीत बुडवून खायचा. सकाळ-दुपार-संध्याकाळ हेच. दुसरा भात खाल्ला तर पोट भरल्यासारखे वाटत नाही, असे तिथली माणसे सांगतात. आपल्याकडे भाकरी खाणाऱ्याला पोळीने भागत नाही, तसलाच हा प्रकार.

दुसरे धान सुवासिक. जगात ते 'जास्मिन राईस' म्हणून ओळखले जाते, तिकडे 'हॉम माली'. माली म्हणजे मोगऱ्याच्या जातीचे फूल. १९५० च्या सुमारास कृषी खात्याने छाचंगसाव प्रांतातून या धानाच्या लोंब्या गोळा केल्या आणि ओळीने लावून निवड केली. १०५ क्रमांकाची ओळ सरस ठरली. तेच वाण १९५९ साली 'खाव दोक माली १०५' नावाने शेतकऱ्यांना मिळाले. पुढे याच वाणावर गॅमा किरणांचा प्रयोग करून 'आरडी-६' हे चिकट वाण काढले, ते १९७७ मध्ये आले. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भुईमुगाचे वाण याच मार्गाने काढले आहेत. म्हणजे ईसानच्या घरात शिजणारे धान आणि बाजारात जाणारे धान एकाच घराण्यातले.

चिकट धान घरामागच्या लाकडी खांबांवरच्या कोठारात जाते. सुवासिक धान मळले की थेट राईस मिलवर जाते आणि त्याचा पैसा बँकेत. जगातला नावाजलेला तांदूळ पिकवणारे घर स्वतः तो रोज खात नाही. सगळ्या व्यवहाराची किल्ली इथेच आहे.

रडायला लावणारे माळरान

सुवासिक धानाचे सर्वात नावाजलेले क्षेत्र म्हणजे 'थुंग कुला रोंग हाय'. अर्थ, कुला लोक जिथे रडले ते माळरान. जुन्या काळी कुला नावाचे फिरते व्यापारी हा माळ ओलांडताना पाण्यावाचून रडकुंडीला आले, अशी दंतकथा आहे. रॉय एट, सुरिन, सी सा केट, महासारखाम आणि यसोथॉन या पाच प्रांतांत मिळून ते सुमारे २१ लाख राय पसरले आहे. राय हे तिथले जमिनीचे माप, सोळाशे चौरस मीटरचे. तलाठी भाऊसाहेबांच्या भाषेत सांगायचे तर जवळजवळ सोळा गुंठे. अडीच राय म्हणजे एक एकर. त्या हिशेबाने हा माळ आठ लाख एकरांच्या वर जातो.

जमीन रेताड, मधूनमधून खारवट. पाऊस आपल्यासारखाच नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा. मे महिन्यात सुरू होतो, जून-जुलैत बऱ्याचदा दडी मारतो आणि सप्टेंबरात नको तेवढा कोसळतो. उतारा राय मागे तीन ते चार क्विंटल, म्हणजे एकरी आठ-दहा क्विंटल. तुम्ही म्हणाल, एवढ्यात काय परवडणार? पण जाणकारांच्या मते दाणा भरताना बसणारा पाण्याचा ताण आणि खारवट माती यांनीच वास खुलतो. २०१३ मध्ये युरोपीय संघानेही या माळावरच्या तांदळाला भौगोलिक मानांकन दिले. ज्या मातीने रडवले, तिनेच नाव दिले.

पेरा ते सुगी

मे महिन्यात यसोथॉनला अग्निबाणांचा उत्सव होतो. बांबूत (हल्ली प्लास्टिकच्या पाइपात) दारू ठासून मोठाले बाण आकाशात सोडायचे, म्हणजे वरच्या देवाला पावसाची आठवण होते. ज्याचा बाण उडत नाही त्याला चिखलात लोळवतात. याच महिन्यात बँकॉकला राजाच्या उपस्थितीत नांगरणीचा विधी होतो. बैलांपुढे धान, मका, मूग, तीळ, गवत, पाणी आणि दारू ठेवतात. बैल कशाला तोंड लावतात त्यावरून वर्षाचे भाकीत सांगतात. विधी संपला की पेरलेले पवित्र बी वेचायला शेतकऱ्यांची झुंबड उडते.

मग पऱ्हे टाकायचे, चिखलणी करायची आणि रोवणी. पूर्वी रोवणीला आणि कापणीला गाव एकमेकांकडे जायचे. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. मजुरी नाही, यजमानाने फक्त जेवण घालायचे. आपली सावड म्हणा की इर्जिक, हुबेहूब तेच. आता ते फार कमी झाले. रोवणीला माणसे मिळत नाहीत म्हणून बहुतेक जण आवत्या टाकतात. त्यात बियाणे जास्त लागते आणि तण माजते, पण मजुरी वाचते. रेड्यांची जागा दोन चाकांच्या पॉवर टिलरने घेतली. त्याला लोक 'लोखंडी रेडा' म्हणतात. हा रेडा चारा खात नाही, हे खरे. पण शेणही देत नाही आणि डिझेल मात्र रोज पितो.

सुवासिक धान दिवसाच्या लांबीवर चालते. पेरा लवकर करा की उशिरा, दिवस लहान होऊ लागले की ऑक्टोबरच्या विसाव्या तारखेच्या आसपासच ते निसवते. धान गर्भात आले की मध्य थायलंडात धानलक्ष्मीला, म्हणजे माता फोसोपला, आंबट फळे, फणी, आरसा, पावडर वाहतात. पोटुशी बाईला आंबट खावेसे वाटते ना, तसे. धानाचे डोहाळेच म्हणा.

नोव्हेंबरात कापणी. भाड्याचे हार्वेस्टर गावोगाव फिरतात आणि सगळ्यांचे धान एकाच पंधरवड्यात ओले-ओले मिलवर पोचते. ओलाव्याचे प्रमाण १५ टक्के धरलेले. त्याच्या वर प्रत्येक टक्क्याला भाव कापतात. अंगणात वाळवायला जागा नाही, हातात वेळ नाही आणि कर्जाची तारीख जवळ आलेली. पडेल त्या भावाने विकावे लागते. ही रडकथा धान उत्पादकाला वेगळी सांगायला नको.

गावाचा कारभार

गावप्रमुखाला 'फू याय बान' म्हणतात. सरपंच आणि पोलीस पाटील यांची मिळून एक खुर्ची, असे समजा. हे पद १९१४ च्या कायद्यातले आहे. माणूस गावकरी निवडून देतात. २००८ च्या दुरुस्तीपासून तो वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत पदावर राहतो. भांडण मिटवणे, दाखले देणे, वरचा आदेश भोंग्यावरून सांगणे ही त्याची कामे. काही गावे मिळून 'तांबोन' होतो. १९९४ च्या कायद्याने तांबोनला निवडून आलेली स्थानिक संस्था मिळाली. रस्ते, पाणी, बालवाडी ही कामे तिच्याकडे. एकाच गावात दोन सत्ता, त्यामुळे गटार कोणाच्या हद्दीत यावरून कुरबुरीही होतात.

आरोग्याचे काम मात्र वाखाणण्यासारखे. देशभर दहा लाखांहून अधिक आरोग्य स्वयंसेवक आहेत, गावागावांत आपापली घरे वाटून घेतलेले. वयस्क माणसांना सरकार २०११ पासून वयाप्रमाणे ६०० ते १,००० बात मासिक भत्ता देऊ लागले. बात हे तिथले चलन. अलीकडच्या वर्षांत एक बात सव्वादोन ते तीन रुपयांच्या दरम्यान राहिला आहे.

कर्ज आणि 'नवे-जुने'

कृषी बँक १९६६ मध्ये निघाली. तारण नसेल तर शेतकऱ्यांचा गट करायचा आणि एकाने दुसऱ्याला जामीन राहायचे. २००१ मध्ये सरकारने प्रत्येक गावाला दहा लाख बातचा ग्रामनिधी दिला. गावानेच समिती निवडायची आणि सभासदांना साधारण वीस हजार बातपर्यंत वर्षाच्या मुदतीने कर्ज द्यायचे. कल्पना चांगली होती. पण झाले काय? फेडीची तारीख आली की पुष्कळ जण सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसे उचलतात, निधीत भरतात, लगेच नवे कर्ज काढतात आणि सावकाराचे देऊन टाकतात. सेवा सोसायटीच्या सभासदाला हे 'नवे-जुने' समजावून सांगायची गरज नाही.

भावाची गोष्ट तर आपल्यापर्यंत येऊन भिडते. ऑक्टोबर २०११ मध्ये यिंगलक शिनावात यांच्या सरकारने धान तारण योजना सुरू केली. साध्या धानाला टनामागे १५ हजार बात, सुवासिकला २० हजार. त्या वेळच्या विनिमय दराने साध्या धानाचे क्विंटलला सुमारे २,४०० रुपये झाले. त्याच वर्षी आपल्याकडे साध्या धानाची आधारभूत किंमत १,०८० रुपये होती. थायलंडचा हिशेब असा होता, की आपण माल रोखून धरला की जगात भाव चढेल. पण सप्टेंबर २०११ मध्येच भारताने बिगर बासमती तांदळाची निर्यात खुली केली होती. जगाने भारताचा तांदूळ घेतला, २०१२ मध्ये निर्यातीत भारत पहिला आला आणि थायलंडची गोदामे भरत गेली.

डिसेंबर २०१३ मध्ये संसद बरखास्त झाली. काळजीवाहू सरकारला कर्ज उभारता येईना. शेतकऱ्याने धान दिले, हातात पावती आली, पैसे काही येईनात. महिनोन् महिने गेले. काही जण ट्रॅक्टर घेऊन बँकॉकच्या वाटेला लागले. आत्महत्यांच्याही बातम्या आल्या. २२ मे २०१४ रोजी लष्कराने सत्ता घेतली आणि त्यानंतर थकलेले पैसे चुकते झाले. यिंगलक यांना २०१७ मध्ये, त्या देशाबाहेर गेल्यानंतर, न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली.

जुलै २०२३ मध्ये भारताने पांढऱ्या बिगर बासमती तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा थायलंडचा भाव चढला. सप्टेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि २०२५ मध्ये तिकडचा भाव कोसळला. दिल्लीत निघालेला एक आदेश रॉय एटच्या मिलच्या काट्यावर जाणवतो. त्यांचा शेतकरी आपला वैरी नाही, पण दोघांचे दुकान एकाच बाजारात आहे.

घर चालते कोणावर?

खरे तर ईसानची पुष्कळ घरे धानावर चालत नाहीत. ती चालतात बाहेरून येणाऱ्या पैशावर. पोरे बँकॉकला कारखान्यात, टॅक्सीवर, नाही तर तैवान, दक्षिण कोरिया, इस्राएलला. एजंटाचे पैसे भरायला कधी कधी शेतच गहाण पडते. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात इस्राएलच्या शेतांवर राबणारे अनेक थाई मजूर मारले गेले, काही ओलीस नेले गेले. त्यातले बरेच या भागातले होते. गावात उरतात आजी-आजोबा आणि नातवंडे. एप्रिलमध्ये सोंक्रान, म्हणजे त्यांचे नववर्ष, आले की गाव चार दिवस भरते आणि पुन्हा रिकामे होते.

एक रीत मात्र आपल्या उलट. लग्नात पैसा मुलाकडचे देतात आणि जावई सासरी राहायला येतो. घर बहुधा धाकट्या मुलीकडे जाते, म्हाताऱ्यांना तीच सांभाळते. त्यामुळे मुलगी झाली म्हणून कोणी कपाळाला हात लावत नाही.

ज्यांना जमले त्यांनी शेततळे खोदले. राजे भूमिबोल यांनी १९९० च्या दशकात एक वाटणी सांगितली होती. तीस टक्के जमिनीत तळे, तीस टक्के धान, तीस टक्के फळझाडे व इतर पिके आणि दहा टक्के घर-गोठा. ज्याच्याकडे दहा-पंधरा राय आहेत त्याला हे साधते, ज्याच्याकडे तीन-चार राय आहेत त्याला तळ्यासाठी जमीन सोडणे जड जाते. रेताड जमिनीत पाणीही टिकत नाही. पण जिथे तळे टिकले तिथे मासे, भाजी आणि दोन पैसे वर्षभर राहतात. बाकीचे उसाकडे आणि साबुदाण्याच्या कंदाकडे वळले.

एवढे सगळे होऊनही ईसानचा शेतकरी एक गोष्ट सोडत नाही. चिकट धानाची बांधी तो आधी राखतो. भाव पडो, सरकार पडो, पावतीचे पैसे येवोत न येवोत, कोठारात पुढच्या सुगीपर्यंतचे धान असले पाहिजे, हा त्याचा नेम. २०१३-१४ च्या त्या हिवाळ्यात बँकेचे हप्ते थकले, पोरांच्या फिया थकल्या. पण ज्याच्या कोठारात स्वतःचे धान होते, त्याच्या घरी सकाळची टोपली वाफवली गेली. आपल्याकडेही घरच्या खाण्याचे धान बाजूला काढून मगच विकायची रीत होती. आता पुष्कळ घरी सगळे पोते काट्यावर जाते आणि खायला दुकानातून आणावे लागते. यंदा कापणीला बसण्याआधी या एका गोष्टीचा विचार घरात जरूर व्हावा.