निळा फुगा दुरूनच बरा

ऑगस्ट २०१८ मध्ये जुहू, गिरगावच्या चौपाट्यांवर अनेकांना दंश झाल्याच्या बातम्या आल्या आणि ‘ब्लू बॉटल’ हे नाव मुंबईकरांच्या तोंडी बसले. वाळूवर पडलेला निळसर, पारदर्शक फुगा आणि त्याला लोंबणारे निळे धागे, असे त्याचे रूप. सारे त्याला जेलीफिश म्हणतात; प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो एकटा प्राणीच नव्हे. फुगा, दंश करणारे धागे, अन्न पचविणारे आणि प्रजनन करणारे भाग हे सारे वेगवेगळे जीव असून ते वसाहत करून राहतात. पोहण्याचे बळ त्यांच्यात नाही. फुग्याचे शीड होते, वारा नेईल तिकडे जायचे. पावसाळ्यातले वारे त्यांना आपल्या किनाऱ्यावर आणून टाकतात ते यामुळेच.

खरा जेलीफिश आपली छत्री मिटत-उघडत पाणी मागे सारतो आणि पुढे सरकतो. मेंदू नाही, हृदय नाही, शरीरात सुमारे ९५ टक्के पाणी. तरीही अनेक जातींना उजेडाची नि तोलाची जाण असते. निवळ पाण्यात, होडीच्या काठावरून ही संथ लय पाहण्यासारखी असते.

पाहावे ते मात्र हात न लावता. मेलेल्या ब्लू बॉटलच्या दंशपेशीही डसतात, हे मुलांना वाळूत सोडण्याआधीच सांगावे. दंश झालाच तर जागा चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन, धागे चिमट्याने काढून, तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटे ठेवावा. धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठावे.