मोरचूद, हिराकस आणि काळी टोपी

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी टाकली आणि तिचंच पुढे ‘लष्कर’ नावाचं शहर झालं. त्या लष्करात महाराज बाड्याच्या आसपास टोपी बाजार, सराफा, दाल बाजार अशी नावं कानावर पडतात. नाव ऐकलं की काय मिळणार ते कळतं. निदान कधीकाळी काय मिळत असावं, ते तरी. रसायनांची जुनी नावं याच चालीची. दुकानदार हिंदीत ‘नीला थोथा’ म्हणतो, लष्करातल्या मराठी घरातली आजी ‘मोरचूद’ मागते. तो ‘हरा कसीस’ पुडीत बांधतो, ती ‘हिराकस’ म्हणून घरी नेते. एक मोरपंखी निळं, दुसरं फिकट हिरवं. दोघांच्याही नावांतून रंगरूप समजतं, पण या दोन पुड्यांचं एकमेकींशी काही नातं आहे, याचा सुगावा लागत नाही.

युरोपातही हीच तऱ्हा होती. तिकडे हे दोन्ही ‘व्हिट्रिऑल’, एक निळं आणि एक हिरवं. १७८७ मध्ये पॅरिसला लव्हॉझिए, गितों द मोर्व्हो, बर्थोले आणि फुर्क्रुआ या चौघांनी नावं ठेवण्याची नवी पद्धत छापून काढली. पदार्थाच्या नावातच त्याचे घटक सांगायचे, एवढंच तिचं सूत्र. त्या रीतीने मोरचूद झालं कॉपर सल्फेट आणि हिराकस झालं आयर्न सल्फेट. आता नातं उघड दिसतं. दोघांचं आडनाव एकच, बदलला तो फक्त धातू.

मग प्रश्न पडतो, धातू बदलता येईल का? शाळेच्या प्रयोगशाळेत हे करून बघतात. काचेच्या पेल्यात मोरचुदाचं निळं पाणी घ्यायचं आणि पॉलिश कागदाने घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा दोऱ्याने त्यात सोडायचा. थोड्याच वेळात खिळ्यावर तांबूस थर धरू लागतो. बोट फिरवलं तर तो निघून येतो. ते खरंखुरं तांबं असतं. तासाभराने पाण्याचा निळा रंग उतरून हिरवट झाक येते. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून त्याने तांब्याला सल्फेटपासून हुसकावलं आणि जागा बळकावली. पेल्यातल्या मोरचुदाचं हिराकस झालं. उलटा प्रयोग मात्र फसतो. हिराकसाच्या पाण्यात तांब्याची तार दिवसभर ठेवली तरी तांब्याला लोखंड हुसकावता येत नाही. हा खिळा पाहून जुन्या किमयागारांना लोखंडाचं तांबं होतं असं वाटे, आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही. ‘व्हिट्रिऑल’ या नावात तांब्याचा उल्लेखच नव्हता. ते पाण्यात आधीपासून होतं, हे त्यांना कळणार कुठून?

नावाची शेपटीही नीट वाचावी. विद्यार्थी नेमकी तिथे घाई करतात. सोडियम सल्फाइड, सोडियम सल्फाइट, सोडियम सल्फेट. पहिल्यात गंधकाबरोबर ऑक्सिजन नाही, दुसऱ्यात गंधकाच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे तीन अणू आहेत, तिसऱ्यात चार. तिघांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं तर पहिल्यातून कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू निघतो, दुसऱ्यातून जळत्या गंधकाचा ठसका येतो आणि तिसरं ढिम्म बसून राहतं.

पण नाव नीट वाचलं तरी सगळं कळतंच असं नाही. ग्वाल्हेर ज्या मध्य प्रदेशात आहे, त्याच राज्यात २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं. आत मिथाइल आयसोसायनेट होतं. हे संयुग पाण्याशी संयोग पावताना भरपूर उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. टाकीतला दाब चढला आणि वायू शहरावर पसरला. आयसोसायनेट म्हणजे सायनाइड नव्हे. रचना वेगळी, शरीरावर होणारा आघात वेगळा. तरीही रुग्णांना सायनाइडची बाधा झाली आहे का आणि त्यावरचा उतारा, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, द्यावा का, यावर डॉक्टरांमध्ये दीर्घकाळ वाद चालला. नाव अचूक ठाऊक असूनही शरीरात गेल्यावर त्या रसायनाचं पुढे काय होतं, ते नावावरून ठरवता आलं नाही.

नावाची ही मर्यादा हिराकसातही दिसते. ‘आयर्न सल्फेट’ म्हणणं अपुरंच, कारण लोखंड दोन इलेक्ट्रॉन गमावून बसलंय की तीन, हे त्यात येत नाही. दोन गमावले तर फेरस, तीन गमावले तर फेरिक. आल्फ्रेड श्टॉकने १९१९ मध्ये हा आकडा सरळ नावातच लिहायची रीत सुचवली, आज पाठ्यपुस्तकांत तो कंसात रोमन आकड्याने लिहितात. हिराकस फेरस आहे, पण पुडी उघडी राहिली तर हवेतल्या ऑक्सिजनने पिवळट, तपकिरी होत जातं, म्हणजे फेरिककडे झुकतं.

कापड काळं रंगवायची जुनी कृती या बदलावरच उभी होती. हिरड्याच्या काढ्यात बुडवलेलं कापड हिराकसाच्या पाण्यात घालायचं. सुरुवातीला रंग फिका येतो. कापड हवेवर टाकलं की लोखंड फेरिक होतं, हिरड्यातल्या टॅनिनला घट्ट धरतं आणि धाग्याच्या आतच निळसर काळा, न विरघळणारा पदार्थ तयार होतो. लोखंडी कढईत शिजवलेला आवळा काळा पडतो, तोही याच जातीच्या क्रियेने. पण रंग धरताना आम्लही सुटतं. ते आणि लोखंड मिळून सुती धागा हळूहळू खातात, म्हणून अशा रंगाची टोपी घडीवर आधी विरते.

रक्त वाढवण्यासाठी डॉक्टर लोहाच्या ज्या गोळ्या देतात, त्यांतल्या पुष्कळ गोळ्यांत हेच फेरस सल्फेट असतं, औषधाच्या शुद्धतेचं. बाजारातलं हिराकस मात्र पोटात घ्यायचं नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नका, असं डॉक्टर बजावतात ते चहातल्या टॅनिनमुळे. ते लोखंडाला पकडून ठेवतं आणि आतड्यात लोह कमी शोषलं जातं. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उलट फायदा, कारण क जीवनसत्त्व लोखंडाला फेरसच राहू देतं.